एचआयव्हीचं जनुकीय वैविध्य आणि आजाराची वाटचाल: काय मोजावं, कसं मोजावं आणि कशाची काळजी करू नये

मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे तीन प्रश्न आहेत. तिच्या मामांना बरीच वर्षं एचआयव्ही आहे. काही वर्षांपूर्वी फर्स्ट लाइनची औषधं फेल गेली, तेव्हाच्या जिनोटाइप रिपोर्टवर (विषाणूची जनुकं वाचून कुठलं औषध चालेल ते सांगणारी चाचणी) 'सबटाइप सी' हा विषाणूचा उपप्रकार आणि खाली एम१८४व्ही, के१०३एन अशी दोन म्युटेशन्स, म्हणजे जनुकीय बदल, लिहिलेली आहेत. आता टीएलडीची (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डॉल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची) एक गोळी रोज चालू आहे आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतोय. तिचे प्रश्न असे: एकाच माणसात विषाणूची रूपं जितकी जास्त, तितका आजार लवकर वाढतो का? हे वैविध्य मोजतात कसं, कारण प्रबंध त्यावरच करायचा आहे? आणि मामांचं वैविध्य एकदा मोजून घ्यावं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात काळजी त्याचीच असणार. मोजू नका. मामांच्या उपचारातला एकही निर्णय त्या आकड्याने बदलणार नाही. व्हायरल लोड दबलेला आहे म्हणजे विषाणूच्या नव्या नकला जवळपास थांबल्या आहेत, आणि नकलाच होत नसतील तर नवं वैविध्यही तयार होत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही.

वैविध्य येतं कुठून ते आधी पाहू. एचआयव्ही-१ चा जीनोम साधारण ९,७०० बेसचा, म्हणजे जनुकीय अक्षरांचा, आरएनए आहे. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे एन्झाइम त्याची डीएनएमध्ये नक्कल करतं. केलेली नक्कल तपासून चूक दुरुस्त करण्याची सोय या एन्झाइमकडे नाही. मॅन्स्की आणि टेमिन यांनी १९९५ मध्ये मोजलेल्या दरानुसार लाखभर बेस नकलले की तीन-चार चुका होतात, म्हणजे दर तीन नव्या जीनोममागे साधारण एक चूक. एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण उपचार न घेणाऱ्या माणसात रोज सुमारे एक हजार कोटी विषाणूकण तयार होतात आणि रोज एक ते दहा कोटी नव्या पेशींना लागण होते. ९,७०० जागा आणि प्रत्येक जागी तीन पर्याय धरले, तर एका बेसचे शक्य असलेले सगळे बदल होतात २९,१००. वरचे आकडे एकत्र ठेवले की दिसतं, यातला प्रत्येक बदल त्या माणसात रोज होतो, आणि एकदा नव्हे तर शेकड्यांनी होतो. विषाणूची एक पिढी सरासरी २.६ दिवसांची, म्हणजे वर्षाला १४० पिढ्या.

एकच औषध दिलं तर ते का टिकत नाही, याचं कारण या हिशेबातच आहे. एका औषधाला चकवणारा विषाणू गोळी सुरू होण्याआधीच रक्तात हजर असतो. तीन वेगळे बदल एकाच जीनोममध्ये आपोआप जुळून येण्याची शक्यता मात्र अगदी तुटपुंजी, म्हणून तीन औषधांची जोडणी.

चुकांखेरीज आणखी दोन गोष्टी घडतात. प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात, आणि नक्कल करताना एन्झाइम एकीवरून दुसरीवर उड्या मारतं. एका पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले असतील, तर पुढच्या पिढीत त्यांचं मिश्रण निघतं. यालाच रिकॉम्बिनेशन म्हणतात. दुसरी गोष्ट आपल्याच पेशीतल्या अपोबेक३जी या प्रथिनाची. ते विषाणूच्या डीएनएची नासधूस करतं आणि वाचताना जी च्या जागी ए अशा बदलांचा पाऊस पडलेला दिसतो. विषाणूचं व्हिफ हे प्रथिन अपोबेकला नष्ट करतं, पण प्रत्येक वेळी जमत नाही. प्रबंधात याचा त्रास कसा होतो ते पुढे येईलच.

आता काळाच्या अंगाने. लैंगिक संबंधातून लागण होताना समोरच्याच्या शरीरात हजारो रूपं असली, तरी पलीकडे रुजतं ते बहुतेक वेळा एकच. ब्रँडन कील आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सबटाइप बी च्या १०२ नव्या रुग्णांचे नमुने पाहिले. त्यातल्या ७८ जणांत लागण एकाच विषाणूपासून सुरू झाली होती. याला फाउंडर विषाणू म्हणतात, आणि तो जवळपास नेहमी पेशीवरच्या सीसीआर५ या दारातून आत जाणारा असतो. म्हणजे सुरुवातीला वैविध्य जवळजवळ शून्य. पुढे काय होतं याचा सर्वांत सुरेख आलेख शंकरप्पा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडला. नऊ पुरुष, सहा ते बारा वर्षांचा पाठपुरावा, विषाणूच्या आवरणाचं प्रथिन बनवणाऱ्या एन्व्ह जीनचा सी२ ते व्ही५ हा तुकडा. त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या, आणि हा फरक तुम्ही पहिल्या दिवशीच पक्का करून घ्या. एक, सुरुवातीच्या विषाणूपासून आजचे विषाणू किती दूर गेले. दोन, आजच्या एकाच नमुन्यातले विषाणू एकमेकांपासून किती वेगळे आहेत. पहिल्या गोष्टीला आपण अंतर म्हणू, दुसरीला वैविध्य.

पहिल्या टप्प्यात अंतर वर्षाला सुमारे एक टक्क्याने वाढत गेलं आणि वैविध्यही सोबत वाढलं. दुसऱ्या टप्प्यात अंतर वाढतच राहिलं, पण वैविध्य थबकलं किंवा उतरलं. तिसऱ्या टप्प्यात, सीडी४ (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारपेशींची संख्या) ढासळायला लागल्यावर, अंतरही थबकलं. वैविध्य सर्वांत जास्त होतं त्या सुमारास बऱ्याच जणांत सीएक्ससीआर४ हे दुसरं दार वापरणारे विषाणू दिसू लागले. म्हणजे माणूस सर्वांत आजारी असतो तेव्हा वैविध्य शिखरावर नसतं. शिखर आधीच येऊन गेलेलं असतं.

१९९१ मध्ये मार्टिन नोवाक आणि सहकाऱ्यांनी एक देखणा सिद्धांत मांडला होता. वैविध्य एका मर्यादेपलीकडे गेलं की प्रतिकारशक्तीला सगळ्या रूपांना एकाच वेळी तोंड देणं जमत नाही आणि एड्सची अवस्था येते, असं त्याचं म्हणणं. अनेक पाठ्यपुस्तकांत आजही तोच ठसा आहे. प्रत्यक्ष रुग्णांत चित्र उलटं दिसलं. वोलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सहा पुरुषांचा अभ्यास केला. ज्यांचे सीडी४ झपाट्याने घसरत होते, त्यांच्यात विषाणू फारसा बदलतच नव्हता. ज्यांचा आजार संथ होता, त्यांच्यात वैविध्य भरपूर. कारण उघड आहे. प्रतिकारशक्ती जोमात असेल तर विषाणूला सतत रूप बदलावं लागतं, ती लवकर कोलमडली तर बदलण्याची गरजच उरत नाही. त्यामुळे वैविध्याच्या एका आकड्यात तीन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात: लागण होऊन किती काळ लोटला, विषाणू किती वेगाने वाढतोय, आणि प्रतिकारशक्ती त्याला किती सतावतेय. पहिल्या दोन गोष्टी वाढल्या तर आकडा वाढतो, तिसरी वाढली तरी आकडा वाढतो, आणि रुग्णाच्या दृष्टीने त्यांचे अर्थ मात्र परस्परविरुद्ध. प्रबंधात केवळ 'वैविध्य आणि सीडी४ यांचा सहसंबंध' काढून थांबलात तर हाती काहीच लागणार नाही, ते यामुळेच.

यातून वाट काढायची तर बदलांची विभागणी करावी लागते. प्रथिन बदलणारे आणि न बदलणारे असे बदल वेगळे मोजायचे. प्रथिन न बदलणाऱ्या बदलांवर प्रतिकारशक्तीचा दाब फारसा पडत नाही, त्यामुळे त्यांचा वेग विषाणूच्या वाढीच्या वेगाचा अंदाज देतो. लेमी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की आजाराच्या गतीशी नातं दिसतं ते या निमूट बदलांच्या वेगाचं. मला हा निष्कर्ष सगळ्यात पटतो, कारण तो व्हायरल लोडबद्दल आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीशी जुळतो. मेलर्स आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात उपचाराआधीच्या काळातले रुग्ण व्हायरल लोडनुसार चार गटांत विभागले होते. सर्वांत खालच्या गटातले, म्हणजे ४,५३० कॉपीज किंवा त्याहून कमी असलेले, पाच वर्षांत एड्सपर्यंत पोचले ८ टक्के. सर्वांत वरच्या, ३६,२७० च्या पुढच्या गटातले ६२ टक्के. वैविध्याच्या कुठल्याही निर्देशांकाने एवढं स्पष्ट भाकीत केलेलं नाही.

तरीही विषाणूच्या जनुकांमुळे आजाराची गती बदलते अशी काही खरी उदाहरणं आहेत.

एक, फाउंडर एकापेक्षा जास्त असणं. केनियातल्या महिलांच्या अभ्यासात, आणि पुढे २०१५ मध्ये लशीच्या दोन चाचण्यांमधल्या रुग्णांतही, ज्यांची लागण अनेक रूपांपासून सुरू झाली त्यांचा व्हायरल लोड जास्त आढळला. 'जास्त वैविध्य वाईट' या समजुतीला इथे थोडा आधार मिळतो. पण हे वैविध्य लागणीच्या वेळचं आहे, नंतर साठलेलं नव्हे.

दोन, विषाणूचा वाणच आक्रमक असणं. नेदरलँड्समध्ये सापडलेला व्हीबी हा सबटाइप बी चा प्रकार २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो १०९ जणांत आढळला. व्हायरल लोड साडेतीन ते साडेपाच पट आणि सीडी४ घसरण्याचा वेग दुप्पट. तिशीतल्या माणसाला उपचाराशिवाय सीडी४ ३५० च्या खाली जायला निदानापासून सरासरी नऊ महिने, तर इतर विषाणूंच्या बाबतीत छत्तीस. उपचार सुरू केल्यावर मात्र या लोकांची सुधारणा इतरांसारखीच झाली, हे बातम्यांमध्ये फारसं आलं नाही. युगांडा आणि केनियात सबटाइप डी असलेल्यांचा आजार सबटाइप ए पेक्षा वेगाने वाढल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. क्युबातल्या सीआरएफ१९ या मिश्र प्रकाराबद्दलही तीन वर्षांच्या आत एड्स होण्याची नोंद २०१५ ची आहे.

आता आपल्याकडचं. भारतातले बहुतांश रुग्ण सबटाइप सी चे, महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही. जगातल्या जवळपास निम्म्या लागणी याच सबटाइपच्या आहेत, दक्षिण आफ्रिका आणि इथिओपियातही तोच. म्हणजे मामांच्या रिपोर्टवरचे 'सबटाइप सी' हे शब्द म्हणजे काही वाईट बातमी नाही. इथल्या रुग्णाच्या रिपोर्टवर तेच अपेक्षित असतं. सी मध्ये सीएक्ससीआर४ कडे वळण्याचं प्रमाण बी पेक्षा कमी. विषाणूचं इंजिन चालू करणाऱ्या एलटीआर या भागात बी मध्ये पेशीतलं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन चिकटण्याच्या दोन जागा असतात, सी मध्ये सहसा तीन. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की चार जागा असलेला सी भारतात हळूहळू पसरतोय आणि तीन जागांच्या भावंडावर मात करतोय. त्या रुग्णांचा सरासरी व्हायरल लोड लक्षणीय वेगळा होता, सीडी४ मात्र नाही. हा तपशील नीट वाचा. विषाणू पसरण्यात वरचढ ठरला म्हणून आजार वेगाने वाढवेलच असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि म्युटेशन म्हटलं की विषाणू बळकट झाला, असंही समजू नका. एचएलए-बी५७ हे प्रतिकारशक्तीचं जनुक असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती विषाणूच्या गॅग प्रथिनाच्या एका तुकड्यावर नेमका हल्ला करते. त्यातून सुटायला विषाणू टी२४२एन हा बदल करतो, पण त्याने कॅप्सिड, म्हणजे विषाणूचं आतलं कवच, कमजोर होतं आणि वाढ मंदावते. तोच विषाणू बी५७ नसलेल्या माणसात गेला की बदल पुसून पूर्ववत होतो. सुटकेची किंमत विषाणूला मोजावी लागली, याहून स्पष्ट पुरावा नाही.

मोजमापाकडे वळू. इथे चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून जरा सविस्तर.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्या. हेपरिनची ट्यूब चालत नाही, ते पीसीआर (जनुकीय तुकड्याच्या भरपूर प्रती काढण्याची प्रक्रिया) अडवतं. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रक्तातून २४ तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करा, लगेच वापरायचा नसेल तर उणे ७० ते ८० अंशांवर ठेवा, आणि छोट्या भागांत वाटून ठेवा म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावा लागणार नाही. नमुना प्लाझ्माचा की पेशींतल्या डीएनएचा, हे आधी ठरवा. प्लाझ्मातला आरएनए आज तयार होणारे विषाणू दाखवतो. पेशींतला डीएनए म्हणजे जुनं दप्तर: वर्षानुवर्षं साठलेल्या आणि बहुतांश निकामी झालेल्या प्रती. दोन्ही एकाच तक्त्यात टाकून तुलना करू नका.

साधं बल्क पीसीआर, म्हणजे सगळ्या प्रतींचं एकत्र, करून सँगर या नेहमीच्या सीक्वेन्सिंग पद्धतीने वाचलं तर सगळ्या रूपांची सरासरी मिळते. १५ ते २० टक्क्यांहून कमी प्रमाणात असलेलं रूप त्यात दिसतच नाही. शिवाय पीसीआरमध्ये टॅक एन्झाइम अर्धवट राहिलेले तुकडे एकमेकांना जोडतं आणि शरीरात कधीच नसलेले रिकॉम्बिनंट नळीत तयार होतात. यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे सिंगल जीनोम अँप्लिफिकेशन. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) इतका पातळ करायचा की ९६ वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, प्लेटमध्ये ३० टक्क्यांपेक्षा कमी वेल पॉझिटिव्ह याव्यात, म्हणजे २८-२९ च्या आत. पॉइसाँ या संख्याशास्त्रीय सूत्राच्या हिशेबाने ३० टक्क्यांना पॉझिटिव्ह वेलपैकी सुमारे ८३ टक्के वेलमध्ये एकच मूळ प्रत असते. उरलेल्या वेल क्रोमॅटोग्रॅमवर (सीक्वेन्सिंगच्या आलेखावर) दुहेरी शिखरं दाखवतात, त्या टाकून द्यायच्या. प्लेटमध्ये पन्नास वेल पॉझिटिव्ह आल्या तर आनंद मानू नका, पुन्हा पातळ करा.

एका नमुन्यातून किती सीक्वेन्स पुरेत? वीस स्वतंत्र सीक्वेन्स काढले, तर १५ टक्के प्रमाणात असलेलं रूप एकदा तरी सापडण्याची शक्यता ९६ टक्के. दहाच काढले तर ८० टक्के. म्हणून वीसच्या खाली जाऊ नका, आणि सगळ्या नमुन्यांतून सारखेच घ्या. एका रुग्णाचे आठ आणि दुसऱ्याचे चाळीस अशी तुलना केली तर प्रयोगशाळेतल्या फरकालाच आजाराचा फरक समजून बसाल.

नेक्स्ट जनरेशन सीक्वेन्सिंगने लाखो रीड, म्हणजे वाचलेले तुकडे, मिळतात, पण त्या लाखांमागे मूळ प्रती किती हे विचारायचं राहून जातं. व्हायरल लोड ५०० असलेल्या नमुन्यातून २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा घेतला तर हातात मुळात १०० प्रती. एक्स्ट्रॅक्शन आणि सीडीएनएमध्ये त्यातल्या कित्येक गळतात. त्यावर एक लाख रीड घेतले तर त्याच पन्नास-साठ प्रती हजारो वेळा मोजल्या जातात. उपाय म्हणजे सीडीएनए करतानाच प्रायमरला ८ ते १२ यादृच्छिक बेसची खूण जोडायची. एकाच खुणेचे सगळे रीड एक प्रत म्हणून धरायचे आणि बहुमताने एक सीक्वेन्स काढायचा. ते जमत नसेल तर एक टक्क्याखालच्या फरकांवर विश्वास ठेवू नका, तो बहुतेक वेळा यंत्राचा गोंगाट असतो.

विश्लेषणाआधी तीन चाळण्या लावा. पहिली, अपोबेकने नासलेले सीक्वेन्स बाजूला काढा. यूजीजी या कोडॉनच्या (तीन अक्षरांच्या शब्दाच्या) जागी स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन मध्येच तोडणारे शब्द, दिसायला लागले की तेच समजायचं. असे दोन-तीन सीक्वेन्स राहिले तरी सरासरी वैविध्य फुगतं, विशेषतः पेशींच्या डीएनएत. दुसरी, सगळ्या रुग्णांचे सीक्वेन्स, प्रयोगशाळेत वापरला जाणारा एचएक्सबी२ आणि भारतातले काही सी सीक्वेन्स एकाच फायलोजेनेटिक झाडात, म्हणजे सीक्वेन्सची जवळीक दाखवणाऱ्या वंशवृक्षात, टाका. एका रुग्णाचे सीक्वेन्स एकाच फांदीवर आले पाहिजेत. दुसऱ्याच्या फांदीत एखादा घुसला असेल तर नमुने मिसळले आहेत, किंवा क्वचित खरंच दुसऱ्यांदा लागण झाली आहे. आधी मिसळल्याचाच संशय घ्या आणि मूळ नळीतून पुन्हा काढा. तिसरी, एन्व्हमधल्या व्ही१, व्ही२, व्ही४ या भागांत तुकडे घुसतात आणि गळतात, तिथली जुळणी डोळ्यांनी तपासा. आपोआप झालेल्या जुळणीत कोडॉनची चौकट सरकली तर पुढचा सगळा हिशेब खोटा ठरतो.

निर्देशांकही विचारपूर्वक निवडा. दोन-दोन सीक्वेन्समधल्या अंतराची सरासरी हा साधा आणि भरवशाचा. शॅनन एंट्रॉपी (एका जागी किती मिसळ आहे याचं माप) जागेनुसार काढली तर कुठला भाग बदलतोय ते कळतं. गॅग आणि पोल ही विषाणूची जीन सावकाश बदलतात, एन्व्ह झपाट्याने, म्हणून एका अभ्यासातला पोलचा आकडा दुसऱ्यातल्या एन्व्हच्या शेजारी मांडू नका. सीएक्ससीआर४ चा अंदाज व्ही३ या ३५ अमिनो आम्लांच्या तुकड्यावरून घेतात. ११ व्या किंवा २५ व्या जागी धन भार असेल तर संशय. हे नियम मुख्यतः सबटाइप बी वर घडवलेले आहेत, त्यामुळे सी च्या नमुन्यात त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका.

वैविध्य मोजण्याचा एक खरा व्यावहारिक उपयोग आहे, तो म्हणजे लागण किती जुनी याचा अंदाज. पोलच्या सँगर सीक्वेन्समध्ये जिथे एका जागी दोन बेस दिसतात अशा जागांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहून जास्त असेल, तर लागण गेल्या वर्षभरातली असण्याची शक्यता फार कमी, असं स्विस गटाने २०११ मध्ये दाखवलं. उलट दिशेने मात्र हे तितकंसं चालत नाही. प्रमाण कमी म्हणजे लागण ताजीच, असं म्हणता येत नाही, कारण शेवटच्या अवस्थेतही वैविध्य उतरलेलं असू शकतं.

आता मामांचा रिपोर्ट. के१०३एन ने इफाव्हिरेंझ आणि नेव्हिरापीन ही औषधं निकामी होतात. डॉल्युटेग्राव्हिरचा त्याच्याशी काही संबंध नाही. एम१८४व्ही ने लॅमिव्हुडीनचा परिणाम खूप कमी होतो, पण याच बदलाने विषाणूची वाढ मंदावते आणि टेनोफोव्हिरला तो जास्त बळी पडतो. टीएलडीच्या गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडीन ३०० आणि डॉल्युटेग्राव्हिर ५० असतं. मग लॅमिव्हुडीन काढून टाकावं का, असा प्रश्न येतो. नाही. युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेत झालेल्या नादिया चाचणीत फर्स्ट लाइन फेल गेलेले ४६४ रुग्ण होते, आणि त्यातल्या बहुतेकांत एम१८४व्ही होतं. डॉल्युटेग्राव्हिरसोबत टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडीन किंवा झिडोव्हुडीन-लॅमिव्हुडीन दिल्यावर ४८ आठवड्यांनी सुमारे ९० टक्के रुग्णांचा व्हायरल लोड ४०० च्या खाली होता.

ती दोन म्युटेशन्स आज रक्तात दिसत नसली तरी पुसली गेलेली नाहीत. ती झोपलेल्या सीडी४ पेशींच्या डीएनएत साठलेली आहेत. या साठ्याचं अर्धायुष्य सुमारे ४४ महिने, म्हणजे नुसत्या गोळ्यांनी तो संपायला सत्तरहून जास्त वर्षं लागतील. म्हणून जुना रिपोर्ट फाडू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून एआरटीच्या (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) कार्डासोबत कायम ठेवा, कार्डाचा रंग कुठलाही असो. पुढे कधी औषध बदलायची वेळ आली तर डॉक्टर तोच कागद आधी मागतील.

नव्याने जिनोटाइप कधी करायचं? व्हायरल लोड १,००० च्या वर गेला तर. त्याआधी काउन्सेलरकडे बसून गोळ्या खरंच रोज पोटात जातात का ते बघायचं, तीन महिने नीट घेऊन लोड पुन्हा करायचा, आणि तरीही वर असेल तर पुढचा विचार. ५० ते २०० मधला एखादाच उसळलेला आकडा म्हणजे रेझिस्टन्स नव्हे. आणि जिनोटाइपचं रक्त रुग्ण औषधं घेत असतानाच द्यायचं. चार आठवडे गोळ्या बंद ठेवून रक्त दिलं तर मूळ जातीचा विषाणू पुन्हा वरचढ होतो, एम१८४व्ही दिसेनासं होतं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

टीएलडीवर लोड वाढला तर म्युटेशनच्या आधी अँटासिडची बाटली शोधा. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचं अँटासिड डॉल्युटेग्राव्हिरला बांधून टाकतं, म्हणून टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात, उपाशीपोटी नाही. टीबी झाला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं, तर डॉल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने लागतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. मामांच्या वयात यातली एखादी गोष्ट असण्याची शक्यता नव्या म्युटेशनपेक्षा कितीतरी जास्त.

प्रबंधासाठी मामांचं रक्त घ्यायचा विचार असेल तर तो सोडा. लोड दबलेला असताना प्लाझ्मातून काही निघणारही नाही. शिवाय भारतात १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तपासणी आणि संशोधनासाठी माहितीपूर्ण संमती लागते, आणि माहिती गुप्त राखणं बंधनकारक आहे. नात्यातला माणूस मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे अशी संमती नावापुरतीच उरते. कुणाच्याही नमुन्यावर काम करताना फायलोजेनेटिक झाडावरून 'अमक्यापासून तमक्याला लागण झाली' असं लिहू नका. दोन विषाणू जवळचे आहेत एवढंच झाड सांगतं, मध्ये तिसरा कुणी असण्याची शक्यता त्यातून जात नाही.

सुरुवात सार्वजनिक सीक्वेन्सवर करा. लॉस अलामोसच्या एचआयव्ही डेटाबेसमध्ये एकाच रुग्णाचे अनेक वर्षांचे सीक्वेन्स तारखांसह मिळतात, शंकरप्पांच्या अभ्यासातलेसुद्धा. एक रुग्ण निवडा, पहिल्या नमुन्याचा बहुमताचा सीक्वेन्स फाउंडर धरा, प्रत्येक भेटीचं त्यापासूनचं अंतर आणि त्या भेटीतलं वैविध्य असे दोन आलेख एकाच कागदावर काढा, आणि खाली सीडी४ चा तिसरा. दोन रेषा कुठल्या वर्षी एकमेकींपासून फुटतात आणि तेव्हा सीडी४ किती होते, ते आधी स्वतः बघा. मग आपल्याकडच्या सबटाइप सी च्या नमुन्यांसाठी एथिक्स कमिटीकडे अर्ज करा.